जिन्याखालच्या खोलीतले स्फटिक

विमल,

सोमवारी तुझी खोली उघडली. खोली म्हणजे काय, जिन्याखालची ती तिरकी जागा. तू ताठ उभी राहिलीस की डोकं छताला लागायचं, आणि मी आत शिरले की दोघींपैकी एकीला स्टुलावर पाय घेऊन बसावं लागायचं. प्राचार्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "प्राणिशास्त्रवाले त्यांचा मायक्रोस्कोप परत मागायलेत. बाकी सामान तुम्ही बघून घ्या. तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

बराच वेळ दारातच उभी राहिले. तू नाहीस हे मला घरी कळत होतं, स्टाफरूममध्ये कळत होतं, सकाळी चहाला पाणी ठेवताना दोघींचं ठेवलं जायचं तेव्हा तर फारच कळत होतं. ते पुन्हा या खोलीनं सांगावं अशी माझी इच्छा नव्हती.

पण गेले आत. मायक्रोस्कोपखाली तुझी शेवटची काचपट्टी तशीच होती. थेंब कधीच वाळला होता, पांढरा डाग उरला होता. मी ती धुऊन, पुसून ठेवली. रागावू नकोस. तूच पोरींना सांगायचीस, वाळलेल्या थेंबात बघण्यासारखं काही उरत नाही.

तू पदार्थविज्ञान शिकवायला नवीन आलीस तो दिवस आठवतो. मी रसायनशास्त्राच्या स्टोअरमध्ये बाटल्या मोजत होते. खिडकीतून एक काळीसावळी, किरकोळ बाई डोकावली. "मॅडम, तुरटी आहे का?"

मी म्हटलं, "न्हाव्याची दुकानं बाजारात आहेत."

तू हसली नाहीस. "तसली नको, शुद्ध पाहिजे. थोडं डिस्टिल्ड वॉटर पण पाहिजे. आणि फुरसत असेल तर तुम्ही पण पाहिजेत."

फुरसत नव्हती, पण कुणी असं मागितलं नव्हतं म्हणून आले. प्राणिशास्त्राच्या अडगळीत पडलेला पितळी मायक्रोस्कोप तू मागून आणला होतास. त्याचा आरसा तडकलेला, स्क्रू घट्ट बसलेला. रॉकेलमध्ये बुडवून, घासून तू तो चालता केलास. कोमट, गाळलेल्या द्रावणाचा एक थेंब काचपट्टीवर सोडलास, दारातून येणारा उजेड आरशात धरलास आणि मला म्हणालीस, "मधे बघू नका. काठाकडं बघा."

आधी काहीच नव्हतं. मग काठाशी एक ठिपका आला. ठिपक्याला कोपरे फुटले, कोपऱ्यांना सरळ कडा आल्या आणि त्या कडा माझ्या डोळ्यांदेखत पुढे सरकायला लागल्या. विमल, मी कित्येक वर्षं पोरांना स्फटिकीकरण शिकवत होते. तापवा, थंड करा, गाळा, वजन करा. स्फटिक मी नेहमी झालेला पाहिला होता. होताना पाहिला नव्हता.

"दिसलं का? दिसलं का वो?" तू माझा दंड धरून हलवत होतीस. स्टाफरूममध्ये तुझी मराठी पुस्तकातून उचलल्यासारखी असायची. तुझ्या राणीसावरगावची बोली मी पहिल्यांदा ऐकली ती त्या जिन्याखाली. मग तू ओशाळून हात सोडलास, आणि मला तू आवडलीस.

पुढे आपण एकत्र खोली घेतली. पहिल्या घरमालकिणीनं माझं आडनाव विचारलं, मग तुझं विचारलं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, पाणी मात्र वेगवेगळं भरा. तू गादी गुंडाळायला घेतलीस. मी म्हटलं, "थांब की, आपण बोलू तिच्याशी." तू म्हणालीस, "तू बोल. तोवर मी दोरी बांधते." संध्याकाळपर्यंत आपण स्टेशनच्या बाजूला दुसऱ्या घरात होतो, आणि कोपऱ्यात दोघींचा मिळून एक माठ होता.

माझे बाबा जिंतूरहून आले तेव्हा मी घाबरले होते. त्यांचं शेत, त्यांचा मान, त्यांची भाऊबंदकी, सगळं त्यांच्यासोबत दारातून आत आल्यासारखं वाटलं. तू सरळ तांब्या भरून समोर धरलास. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, माठाकडे पाहिलं. मग तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. "पाणी लय गार हाय," म्हणाले. बस्स, एवढंच. पण त्यानंतर गावाकडून येणाऱ्या तुरीच्या डाळीची पिशवी तुझ्या नावानं यायला लागली, हे तुला आठवत असेल. माझ्या नावानं ती कधीच आली नव्हती.

मग तो दुष्काळ. डिस्टिल्ड वॉटर करायचं तर थंड पाण्याची धार नळीतून सतत सोडावी लागते, आणि ती सगळी मोरीत जाते. सुरुवातीला तू ते पाणी बादलीत धरून मुलींच्या वसतिगृहात पोचवायचीस. एक दिवस प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडे टँकरसाठी घागरींची रांग लागली होती. तू खिडकीतून बघत उभी राहिलीस आणि मागे वळून नळ बंद केलास. म्हणालीस, "स्फटिक काय, नंतर पण वाढतील."

त्या उन्हाळ्यात तू गावी गेलीस. तुझी आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. परत आलीस ती एक जड पिशवी घेऊन. मला वाटलं धान्य असेल. तू ती टेबलावर उपडी केलीस, तर काळ्या दगडाचे तुकडे. प्रत्येक तुकड्याच्या पोटात एक पोकळी आणि पोकळीत चकाकणाऱ्या गारगोटीचे टोकदार स्फटिक.

"आईनं ठेवले माझ्यासाठी," तू म्हणालीस. "मी काय करते ते तिला एकदा सांगितलं होतं, पाण्यातून खडे वाढतात ते बघते म्हणून. तर खडी फोडताना ज्या दगडात चमक निघाली तो बाजूला काढायची. मुकादम ओरडायचा, तर पदराखाली लपवायची."

मग तू बाजूला तोंड फिरवलंस. तुझ्या आईच्या हातांना फोड आले होते हे तू दोन दिवसांनी सांगितलंस, तेही भाजी चिरता चिरता.

त्या उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी नव्हतं, पण हे स्फटिक पाण्यातूनच वाढलेले होते, आणि ते पाणी कुणी जन्मायच्या कितीतरी आधी वाहून गेलेलं होतं. तू एकेक खडा मेणात बसवून मायक्रोस्कोपखाली धरायचीस आणि बाजूनं टॉर्चचा उजेड तिरका टाकायचीस. काचेसारखा सपाट दिसणारा पृष्ठभाग सपाट नव्हताच. त्यावर बारीक त्रिकोणी उंचवटे होते, एकावर एक चढत गेलेले थर, आणि वरच्या टोकाशी सुईनं टोचावा तसा बिंदू. पारा चाळिशीच्या पार, आपण दोघी घामानं भिजलेल्या, आणि तू आनंदानं स्टुलावर बसल्याबसल्या डोलत होतीस.

आपलं मोठं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हटलं, "ते टोकाशी दिसतं तो दोष आहे. चांगला स्फटिक पाहिजे तर द्रावण स्वच्छ पाहिजे, एवढं मला कळतं."

"द्रावण स्वच्छच पाहिजे. पण मळ वेगळा आणि पीळ वेगळा," तू म्हणालीस. "सपाट जागेवर नवा थर सुरू व्हायला लय अवघड जातं. पहिला कण कुठं टेकणार? दुसरा कण येईपर्यंत तो सुटून जातो."

"मग स्फटिक वाढतातच कसे?"

तू गोल गाळणकागद घेतलास, काठापासून मध्यापर्यंत कात्रीनं चीर दिलीस आणि चिरेची एक बाजू बोटानं किंचित उचलून धरलीस. "हे बघ. आता इथं एक पायरी झाली. कण येऊन तिला टेकणार, पायरी पुढं सरकणार, मध्याभोवती फिरणार. कितीबी कण बसू दे, पायरी संपत न्हाई. आत कुठंतरी रचना एवढीशी सरकलेली असते, म्हणून वाढ चालू राहते."

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मला ते फार सुंदर वाटलं आणि सुंदर गोष्टींवर माझा विश्वास लवकर बसत नाही. मी म्हटलं, "गारगोटी वाढून झालेली आहे. ती कशी वाढली हे तू तिच्या तोंडावरून ओळखतीयस. मला वाढताना दाखव."

"दाखवते," तू म्हणालीस. पाऊसपाणी झालं, विहिरी भरल्या, माझ्या प्रयोगशाळेतली नळी पुन्हा सुरू झाली आणि तू माझ्या कपाटातली कॅडमियम आयोडाइडची तपकिरी बाटली मागितलीस. मी दहा वेळा बजावलं, विषारी आहे, हात धू, तोंडाला लावू नकोस. तू लहान मुलीसारखी मान हलवत होतीस आणि लक्ष सगळं बाटलीवर.

कितीतरी दिवस नुसता पसारा झाला. दुपारच्या उष्म्यानं थेंब झटकन वाळायचा आणि स्फटिक एकमेकांवर कोसळल्यासारखे दाटीनं यायचे. मग तू सकाळची वेळ धरलीस. ओल्या गोणपाटाचा पडदा दाराला लावलास, थेंबावर झाकणकाच ठेवून तिच्या कडा मेणानं जवळजवळ बंद केल्यास, म्हणजे पाणी अगदी हळू उडावं. एका सकाळी मी पहिल्या तासाला वर्गात जायला निघाले तर तू बाहेर येऊन माझी वाट अडवलीस. नुसतं आत बोट दाखवलंस.

षटकोनी पातळ चकती होती. तिच्या मध्याजवळून एक रेघ निघाली होती, कोन घेत घेत वळत बाहेर गेलेली. मी बघत राहिले. बाहेरचा वेढा सावकाश काठाकडे सरकत होता आणि मध्ये, त्या बिंदूपाशी, नवा वेढा उमलत होता. पायरी फिरत होती, विमल. तुझ्या कागदावर होती तशीच.

माझा वर्ग बुडाला. पोरं येऊन दारात उभी राहिली आणि मग त्यांनाही तू रांगेनं दाखवलंस.

"आता?" तू मला विचारलंस.

मी म्हटलं, "आता फोटो पाहिजे. हातानं काढलेल्या चित्रावर कोण विश्वास ठेवील?"

तू कपाळावर हात मारलास. पण दुसऱ्या दिवशी स्टुडिओवाल्या करीमभाईंना कॅमेऱ्यासकट पकडून आणलंस. ते वाकून आत आले, इकडेतिकडे बघून म्हणाले, "बाई, दूल्हा-दुल्हन किधर है?"

"या भिंगात बघा."

त्यांनी बघितलं, आणि त्यांचं हसू थांबलं. "या अल्ला. ये तो फूल है." मग ते पठ्ठे हट्टालाच पेटले. कॅमेरा आयपीसला टेकवायचा कसा, उजेड किती, पट्टी हलू नये म्हणून श्वास कधी धरायचा. कितीतरी फिल्म वाया गेली. त्यांनी तिच्या पैशांचा विषय कधी काढला नाही. शेवटी एका फोटोत वेढे स्वच्छ आले. त्याची एक मोठी प्रत त्यांच्या स्टुडिओच्या काचेत, नवरा-नवरीच्या जोड्यांमध्ये अजून लावलेली आहे. परवा तिथून गेले तर एक म्हातारे गृहस्थ विचारत होते, हे कोणत्या देवळाचं छत आहे म्हणून. करीमभाई बाहेर येऊन म्हणाले, "हमारी बाई का काम है." मग मला पाहिलं आणि रुमालानं काच पुसायला लागले.

तुझा तो दोन पानांचा टिपण-लेख छापून आला तेव्हा त्यावर तुझ्या नावाखाली माझं नाव होतं. मी रागावले होते. सगळा वेळ मी तुझ्याविरुद्ध वाद घातला, माझं नाव कशाला? तू म्हणालीस, "तू भांडली नसतीस तर मी गारगोटीवरच थांबले असते." आभार मानायचे राहिले. ते आज मानते.

मग मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेतून तुला बोलावणं आलं आणि आपलं दुसरं भांडण सुरू झालं. ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणत होते, जा. तिथं तुला साधनं मिळतील, माणसं मिळतील, या जिन्याखाली तू तुझं नुकसान करतीयस. तू ओसरीवर बसून शेंगा सोलत होतीस.

"तिथं शंभर मायक्रोस्कोप हायेत, सुधा. इथं एक हाय."

"म्हणूनच तर सांगते."

"म्हणूनच तर मी न्हाई जायची. शनिवारी पोरी येतात. सेलूची येते, पाथरीची येते. त्यातल्या कितीजणींनी घरी काय काय ऐकून घेऊन बी.एस्सी.ला नाव घातलं, तुला माहीत आहे. त्यांना कोण दाखवील?"

"मी दाखवीन."

तू हसलीस. "तुला तर माझं म्हणणं पटत पण न्हवतं."

मी चिडून आत गेले. माझ्याकडे पुष्कळ उत्तरं होती. त्यातलं एकच खरं होतं आणि तेच मी दिलं नाही. मला तू जायला नको होतीस. तुला जा जा म्हणताना मला आतून भीती वाटत होती, की ही खरंच गेली तर या गावात मी कुणाशी बोलू? तुझी बाजू बरोबर की माझी, हे मला आजही ठरवता येत नाही. तू गेली असतीस तर तिथले डॉक्टर कदाचित लवकर पोचले असते, असा विचार आला होता. मग वाटलं, काविळीला कुठलं गाव आणि कुठला दवाखाना. तो विचार मी सोडून दिला. तूही सोडायलाच सांगितलं असतंस.

दवाखान्यात तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि तू मला विचारत होतीस, "शनिवारी पोरी आल्या होत्या का?" मी म्हटलं, आल्या होत्या. "काय दाखवलंस?" मी म्हटलं, तुरटी. तू डोळे मिटून म्हणालीस, "सुरुवातीला तुरटीच बरी." आल्या होत्या हे खरं होतं, विमल. मी दाखवलं हेही खरं होतं. तुला बरं वाटावं म्हणून मी बोलले नव्हते.

तर सोमवारी किल्ली घेऊन मी परत प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, "मायक्रोस्कोप परत नाही देत."

त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही रसायनशास्त्राच्या. तुम्ही त्याचं काय करणार?"

"ती करत होती ते. शनिवारी पोरी येतील, मी दाखवीन. दोघीतिघींनी पुढं काही करून बघायचं मनावर घेतलंय. साखरेच्या पाकात दुसरं काही मिसळलं की खडीसाखरेचा आकार बदलतो का, असलं काहीतरी. त्यांना आता अर्ध्यावर सोडायचं का?"

"आणि प्राणिशास्त्रवाले?"

"त्यांनाही येऊ द्या. बघायला पैसे पडत नाहीत."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "खोलीला एक खिडकी पाडून घ्यायला पाहिजे. जिन्याखाली गुदमरायला होत असेल." मी होकार दिला आणि बाहेर येऊन पहिल्यांदा मोकळं रडले. खिडकी तू कितीदा मागितली होतीस.

आणि काल, शनिवारी, तुझी आई आली. एकटी, गंगाखेडला एस.टी. बदलून. तुझे कपडे आणि ट्रंक न्यायला आले म्हणाली. ट्रंक आपल्या घरी होती. पण ती कॉलेजच्या फाटकातच उभी राहिली आणि म्हणाली, "पोरी, ती बसायची कुठं ते दाव."

मी तिला जिन्याखाली नेलं. स्टुलावर बसवलं. तिनं टेबलावरून हात फिरवला, मायक्रोस्कोपच्या पितळेला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

"मोडायचं न्हाई ना?"

"नाही मोडत, आई."

"आन् ह्यात काय बघायची वं ती? मला लय सांगायची, पर मला काय समजलं न्हाई. दगडं दिली तवा लहान लेकरागत नाचली."

मी तुरटीचं द्रावण कोमट केलं. थेंब सोडला. आरशात उजेड धरला. तिनं एक डोळा हातानं झाकून दुसरा भिंगाला लावला. पहिल्यांदा तिला स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग म्हणाली, "पानी हाय नुसतं." मी म्हटलं, थांबा, काठाकडं बघा.

ती थांबली. कामाला वाकायची सवय असलेली बाई. पाठ हलली नाही, मान हलली नाही. बाहेर शनिवारच्या पोरी येऊन थांबल्या होत्या. तुझी आई आहे हे कळल्यावर त्यांनी चपलासुद्धा आवाज न करता काढल्या.

"आलं," ती अगदी हळू म्हणाली. "आगं बाई, कोपरा फुटला." मग पुष्कळ वेळानं, भिंगावरून डोळा न काढता, "हे कुणी करायलंय?"

"कुणी नाही. आपलं आपण होतं."

"आन् ती बघायची."

"बघायची. मग समजून घ्यायची, आणि पोरींना दाखवायची."

तिच्या गालावरून पाणी ओघळून खाली आलं. तिनं ते पदरानं टिपलं, आणि पुन्हा डोळा लावला. मी पोरींना खूण केली, जरा वेळ थांबा म्हणून. त्यांना काही घाई नव्हती. पण तुझ्या आईनं मागं वळून पाहिलं आणि तिला ती रांग दिसली. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्या पोरी, वेण्या घातलेल्या, वह्या छातीशी धरलेल्या.

"ह्या सगळ्या बघायला आल्यात व्हय?"

मी मान हलवली.

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. सगळ्यांत पुढं मंगल उभी होती, बोरी गावची, बुजरी. तुझ्या आईनं तिचा दंड धरून तिला स्टुलावर बसवलं, तिचा पदर सारखा केला आणि तिची मान हलकेच भिंगाकडं वळवली.

"हात नगं लावू," ती म्हणाली. "अजून वाढायचं हाय ते. बघ."